आपुलकी वेळापत्रकात बसवा: खान्देशातल्या शाळांसाठी

शाळेत मायेचं वातावरण असावं, याला कोणाचाच विरोध नसतो. अडतं ते त्यापुढे. माया शिक्षकाच्या स्वभावावर सोडली, की ती त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर, वर्गाच्या पटावर आणि वरून तातडीने मागवलेल्या माहितीवर अवलंबून राहते. मुलाला मात्र रोज सारखाच माणूस समोर हवा असतो. आज हसून बोलणारे सर उद्या कशावरून चिडतील याचा अंदाज येईना, की मूल गप्प राहायला शिकतं. म्हणून पुढचं सगळं एकाच धाग्यावर आहे: आपुलकीच्या प्रत्येक कामाला ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेला माणूस द्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा आणि लहान अनुदानित शाळा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. दोन शिक्षकी शाळेतही यातलं बहुतेक जमतं.

फाटकातली पंधरा मिनिटं

साडेदहाची शाळा असेल तर सव्वादहाला एक शिक्षक फाटकात उभा हवा. पाळ्या लावा, आठवड्याची नावं फळ्यावर लिहा. मोबाइल खिशात ठेवायचा. काम तीनच: प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायची, त्याचा चेहरा नीट बघायचा आणि उशिरा आलेल्याला आत घ्यायचं. उशीर झाला म्हणून बाहेर उभं करणं पूर्ण बंद करा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी शेतात जाऊन, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळून मूल शाळेत येतं. त्याने इथवर येणं हीच मोठी गोष्ट आहे. कारण विचारायचंच असेल तर मधल्या सुट्टीत, एकट्याला.

हजेरी घेताना बोटांची पद्धत वापरा. एक बोट म्हणजे आज बरं वाटत नाही, पाच म्हणजे एकदम मस्त. हात छातीशी धरायचा, म्हणजे शेजारच्याला दिसत नाही. पस्तीसच्या पटाला तीन-चार मिनिटं पुरतात. एक किंवा दोन बोटं दाखवणाऱ्याला सगळ्यांसमोर ‘काय झालं?’ विचारू नका. वहीत नावापुढे एक टिंब द्या आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्याशी दोन मिनिटं बोला. सलग तीन दिवस टिंब पडलं तर त्याच आठवड्यात घरी जा किंवा फोन करा.

ही पद्धत दोन-तीन आठवड्यांत मोडते, तेव्हा कारण बहुधा एकच असतं. मुलाने एक बोट दाखवलं आणि कोणी काहीच केलं नाही. मग सगळा वर्ग पाच बोटं दाखवायला लागतो. असं दिसलं तर पद्धत बदलू नका, आधी राहिलेल्या टिंबांची भेट घ्या.

घरची भाषा

धुळे-अमळनेर-चाळीसगाव पट्ट्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, नवापूरकडे मावची, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावरी आणि भिली. पहिलीतलं मूल ‘मन्हं पोट दुखस’ म्हणतं आणि समोरून ‘नीट बोल’ असं उत्तर येतं. त्या क्षणी ते दोन गोष्टी शिकतं: आपलं बोलणं चुकीचं आहे आणि दुखलं तरी सांगायचं नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक. हेच मूल पुढे कोणी त्रास दिला तरी तोंड उघडत नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात चाळीस शब्दांची वही करा. पाठ्यपुस्तकातले शब्द नकोत, गरजेचे हवेत: पाणी, भूक, शू, शी, दुखतं, भीती वाटते, मारलं, ढकललं, हरवलं, नको, घरी जायचंय, आई कधी येईल. अंगणवाडीताई, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी आणि वरच्या वर्गातली मुलं यांच्या तोंडून ते ऐका आणि देवनागरीत जसेच्या तसे लिहा. पावरी आणि भिलीचे शब्द गावागणिक बदलतात, त्यामुळे दुसऱ्या केंद्रातून (शाळांच्या गटातून) आणलेली यादी जशीच्या तशी चालत नाही. मावशींना म्हणून दाखवा. त्यांना हसू आलं तर उच्चार पुन्हा विचारून घ्या.

एक धोका लक्षात ठेवा. काही शिक्षक मुलांची बोली फक्त गंमत करायला वापरतात, एरवी प्रमाण मराठी. मुलांना हे लगेच कळतं. ‘तुले काय व्हयनं?’ हे आधी रडणाऱ्या मुलापाशी बसून विचारा. हसण्या-खेळण्यात वापरायला पुष्कळ वेळ आहे.

शनिवारची गोल बैठक

आठवड्यातून एकदा, पस्तीस मिनिटं. बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळची शाळा असते, तिचा पहिला तास सोयीचा. एका गोलात वीसपेक्षा जास्त मुलं नकोत. पट मोठा असेल तर दोन गोल करा. एक गोल बोलतो तेव्हा दुसरा चित्र काढतो, पुढच्या शनिवारी उलट. शिक्षक गोलातच, मुलांच्या उंचीवर बसतो. खुर्ची नको. हातात फिरवायला पांझरेच्या किंवा तापीच्या पात्रातला एक गुळगुळीत गोटा पुरतो. गोटा ज्याच्या हातात तोच बोलेल, बाकीचे ऐकतील, आणि बोलायचं नसेल तर गोटा पुढे देता येईल. या तिसऱ्या मुभेवर सगळी बैठक उभी आहे, ती कधीही काढून घेऊ नका.

पहिले चार शनिवार सोपे प्रश्न ठेवा: या आठवड्यात काय आवडलं, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी काय करता, श्रावणात कानबाईच्या उत्सवाला कोण-कोण पाहुणे येतात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात काय घेतलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून जरा आत जा: तुला कोणी मदत केली, शाळेत कोणत्या वेळी एकटं वाटतं, खेळायला घेत नाहीत तेव्हा काय करतोस. शिक्षकानेही उत्तर द्यायचं, खरं आणि छोटं. घरातली दारू, भांडणं, कर्ज यांवर गोलात प्रश्न विचारू नका. एखादं मूल आपणहून तसं काही सांगू लागलं, तर हळूच थांबवा: ‘हे फार महत्त्वाचं आहे, आपण दोघं सुट्टीत बोलू.’ आणि त्याच सुट्टीत बोला.

बैठक बिघडते ती उपदेशामुळे. मूल म्हणतं, ‘मला गणिताची भीती वाटते’, आणि शिक्षक पाच मिनिटं अभ्यासाचं महत्त्व सांगतो. त्यानंतरची दहा मुलं गोटा पुढे देतात. फक्त ‘सांगितलंस, बरं केलंस’ म्हणा आणि ऐकलेल्यातल्या एका गोष्टीवर सोमवारी काहीतरी करा.

भीतीचा नकाशा

वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत, हे जरूर करा. आमच्या मते साऱ्या मार्गदर्शिकेत सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त दाखवून देणारं काम हेच आहे.

शाळेचा साधा आराखडा कागदावर काढा: वर्ग, व्हरांडा, हातपंप किंवा टाकी, स्वच्छतागृहं, किचन शेड, मैदान, फाटक, शाळेकडे येणारा रस्ता. प्रत्येक मुलाला एक प्रत. हिरवं टिंब म्हणजे इथे बरं वाटतं, लाल म्हणजे इथे भीती वाटते किंवा कोणी त्रास देतं. नाव लिहायचं नाही. मुलं आणि मुली वेगवेगळ्या बसवा, मुलींच्या गटात बाई हव्यात. पहिली-दुसरीच्या मुलांना कागदाऐवजी शाळेत फिरवा आणि बोट दाखवायला सांगा. वेळ पंचवीस मिनिटं. त्याच दिवशी सगळी टिंबं एका मोठ्या कागदावर उतरवा.

लाल टिंबं कुठे पडतात याचा अंदाज बांधता येतो. मोठ्यांची नजर जिथे जात नाही तिथे: स्वच्छतागृहामागे, पाण्याच्या रांगेत, जेवणाच्या ताटांजवळ, शाळा सुटल्यावर वाटेतल्या नाल्यापाशी. पण कधी एखाद्या वर्गाच्या दारावरच लाल टिंबांचा पुंजका येतो. मुख्याध्यापकाने तो कागद शिक्षकांच्या बैठकीत फडकवू नये. आधी त्या शिक्षकाशी एकट्याने बोलावं, त्याच्या तासाला दोन-तीनदा शांतपणे बसावं आणि काय बदलायचं ते दोघांनी ठरवावं.

मग दुरुस्ती. मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी, सुट्टीत त्या बाजूला एका शिक्षकाची फेरी, पाण्याला दोन रांगा, वाढताना सर्वांना एकाच पंगतीत बसवणं. जातीवरून किंवा पाड्यावरून वेगळी पंगत पडत असेल तर ती त्याच दिवशी मोडा, उद्यावर ढकलू नका. पंधरा दिवसांत किमान एक दुरुस्ती पूर्ण करून मुलांना दाखवा. काहीच बदललं नाही, तर जानेवारीचा नकाशा कोरा येईल.

भांडण आणि चूक

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई आहे. कोंबडा करणं, मैदानाला फेऱ्या, वर्गासमोर जात किंवा घर काढणं, ‘याला शिकून काय करायचंय’ असं म्हणणं, सगळं यात येतं.

छडी बंद केली आणि तिच्या जागी काहीच आणलं नाही, तर वर्गात गोंधळ माजतो आणि ‘बघा, मारल्याशिवाय ऐकत नाहीत’ हा निष्कर्ष निघतो. म्हणून जागा आधी भरा. भांडण झालं की दोघांना वेगळं करा, पाणी द्या, दहा मिनिटं काहीही विचारू नका. राग उतरायच्या आत केलेली चौकशी म्हणजे दुसरं भांडण. नंतर दोघांना समोरासमोर बसवून हेच चार प्रश्न: काय झालं? तेव्हा तुला काय वाटत होतं? यात कोणाला काय लागलं, काय तुटलं? आता ते नीट कसं करशील? ‘का केलंस?’ विचारू नका, त्याने मूल बचावाला लागतं. भरपाई चुकीला धरून असावी: वही फाडली तर नवी वही शिवून द्यायची, पाणी सांडलं तर पुसायचं. जबरदस्तीची माफी घेऊ नका. तिसऱ्या दिवशी दोघांना पुन्हा विचारा, ‘ठीक चाललंय ना?’ बहुतेक शाळांत ही शेवटची भेटच राहून जाते आणि भांडण वाटेत पुन्हा पेटतं.

आळशी दिसणारं मूल

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. अशा मुलाचे हातपाय, पाठ, सांधे अचानक तीव्र दुखतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम किंवा ताप यांमुळे दुखणं उसळतं. हे माहीत नसलेला शिक्षक त्याला कामचुकार म्हणतो आणि उन्हात कवायतीला उभं करतो, म्हणजे नेमकं धोक्याचं तेच होतं. तपासणीत आजार आढळलेल्या मुलांची नावं प्राथमिक आरोग्य केंद्रातून पालकांच्या संमतीने घ्या, फक्त वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकाकडे ठेवा. या मुलांना तासाच्या मध्येही पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्या. दुखणं उठलं तर पांघरूण द्या, पाणी पाजा, बर्फ लावू नका आणि आरोग्य केंद्रात न्या. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर एक मिनिटही थांबू नका.

जाणारी आणि परतणारी मुलं

दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, पुष्कळशी गुजरातच्या बाजूला. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे कोण जाणार हे सप्टेंबरमध्येच कळू शकतं. तेव्हाच यादी करा. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्या. जाणाऱ्यांना शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत दाखवायचं) भरून द्या आणि ते कुठे दाखवायचं हे आई-वडिलांना तोंडी समजवा.

हे झालं कागदाचं. मुलासाठी निरोप हवा. निघायच्या आधीच्या शनिवारी गोल बैठकीत प्रत्येकाने त्याला एक वाक्य द्यायचं, ते एका कागदावर लिहून त्याच्या दप्तरात. बसायची जागा त्याचीच राहील हे सांगायचं आणि खरंच ठेवायची. महिन्यातून एकदा वर्गाने त्याला फोन करायचा. परतल्यावर ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न नको. पहिले तीन दिवस चाचणी नको, जोडीदार ठरवून द्या आणि त्याने तिकडे काय पाहिलं ते त्याला सांगू द्या. परतलेलं मूल शाळा सोडतं ते बहुधा पहिल्या आठवड्यातच, मागे पडल्याची लाज वाटून.

आठवी-नववीतली मुलगी अखाजीच्या आधी अचानक येईनाशी झाली, तर कारण लग्नही असू शकतं. त्याच दिवशी घरी जा. संशय असेल तर ग्रामसेवकाला कळवा आणि चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन करा.

आश्रमशाळेतली संध्याकाळ

सहा वर्षांचं मूल घर सोडून आलेलं असतं. दिवस कसाही जातो, कठीण असते ती दिवेलागण ते झोप ही वेळ. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम पाहत. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. आजही ते जमतं: रोज एक पान, भिंतीवर, कोणाचा वाढदिवस, कोण बरं झालं, उद्या जेवायला काय. उद्याचं आज कळलं की लहान मुलं निवांत झोपतात.

जूनचे पहिले पंधरा दिवस नव्या मुलाला त्याच पाड्यावरचं मोठं भावंड किंवा ओळखीचं मूल शेजारी झोपायला द्या. घरच्या फोनचा वार आणि वेळ ठरवा आणि शिक्षा म्हणून फोन कधीही तोडू नका. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची चादर गुपचूप बदला, रात्री एकदा उठवा. त्याचं नाव घेऊन बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला मुख्याध्यापकाने लगेच थांबवावं. अधीक्षक, अधीक्षिका, कामाठी, स्वयंपाकी यांनाही या सगळ्याच्या बैठकीला बसवा. रात्री मुलांजवळ तेच असतात.

मुलाने काही गंभीर सांगितलं तर

लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलाने सांगितली किंवा तुम्हाला तसा संशय आला, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी संस्थाचालकांना विचारू, गावात बसून मिटवू, हे चालत नाही. न कळवणं हा कलम २१ नुसार गुन्हा आहे. आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्धची गोष्ट दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. क्रम असा ठेवा.

१. दार उघडं पण आवाज बाहेर जाणार नाही अशा जागी बसा. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा.
२. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन’ असं म्हणा.
३. खोदून विचारू नका. मुलाचे शब्द, त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहा. खाली तारीख, वेळ, सही.
४. मुख्याध्यापकाला सांगा आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा. १०९८ वरही मदत मिळते. मुख्याध्यापकच टाळत असेल तर थेट तुम्ही कळवा.
५. आरोप असलेल्या माणसाची शाळेने स्वतः चौकशी करू नये आणि मुलाला त्याच्यासमोर आणू नये.
६. मुलाचं नाव शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावरसुद्धा जाता कामा नये.

मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, ही तरतूद कायद्यातच आहे. पालकांना ती सांगा, त्यांची धास्ती कमी होते. मरण्याची भाषा बोलणाऱ्या मुलाला एकटं सोडू नका, घरी निरोप द्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला.

तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारात टांगू नका, तिथे कोणी चिठ्ठी टाकत नाही. पाण्याच्या वाटेवर लावा. दर शुक्रवारी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई, दोघांनी मिळून उघडा. नाव न घेता उत्तर फळ्यावर लिहा: ‘पेटीत आलं: कडी तुटली आहे. केलं: बुधवारी बसवली.’

हेच काम आयुष्यभर करायचं असेल तर

पहिली दोन वर्षं फक्त स्वतःच्या वर्गात बोटांची हजेरी आणि गोल बैठक पक्की करा. तिसऱ्या वर्षी नकाशा आणि पेटी शाळाभर न्या. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांच्यासमोर नकाशा मांडला की कडी-कुलपाचे पैसे निघतात. त्यानंतर केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागा. भाषण नको, आलेल्या शिक्षकांनाच गोलात बसवून गोटा हातात द्या. पुढे मुख्याध्यापक किंवा केंद्रप्रमुख झालात, तर शाळाभेटीत वह्या तपासायच्या आधी दहा मिनिटं फाटकात उभे राहा.

वरिष्ठांना दाखवायला तीन नोंदी पुरतात: सलग तीन दिवस गैरहजर मुलं, हंगामानंतर परतून टिकलेली मुलं आणि पेटीतल्या चिठ्ठ्या. पहिल्या सहा महिन्यांत चिठ्ठ्या आणि तक्रारी वाढतील, कारण मुलं बोलायला लागली आहेत. हे केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाढलेला आकडा तुमच्यावरच शेकतो.

सहकाऱ्यांनाही बोलायला जागा हवी. महिन्यातून एकदा अर्धा तास, परिपत्रकं बाजूला ठेवून, ‘कोणत्या मुलाने दमवलं’ एवढाच विषय. दमलेला शिक्षक मुलाचं ऐकू शकत नाही.

बदली होणारच. पहिल्या वर्षापासूनच हस्तांतराची एक वही ठेवा: चाळीस शब्द, फाटकाच्या पाळ्या, दोन्ही नकाशे, स्थलांतर करणाऱ्या घरांचे फोन, बोलीत मदत करणाऱ्या मावशींची आणि ताईंची नावं. पोक्सो, आजार आणि घरगुती अडचणींच्या नोंदी त्यात नकोत, त्या मुख्याध्यापकांच्या कुलपात. नवा शिक्षक रुजू झाला की शक्य असेल तर एक शनिवार त्याच्यासोबत गोलात बसा आणि दुसरी फेरी त्याला घेऊ द्या.